मुद्दाम वाईट लिहिलेली कविता : १८८५ सालचा एक डच सापळा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' वगैरे येतं ते काढलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात. बस-लोकलमध्ये हेडफोन नसेल तर वाचा, असेल तर ऐका.)

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मागे मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक कविता आली. खाली एका मोठ्या मराठी कवीचं नाव होतं. मी ती वाचली, मला भरून आलं, आणि मी ती लगेच फॅमिली ग्रुपवर टाकली. मावशीने हात जोडलेले इमोजी पाठवले. काकांनी लिहिलं, 'आता असं कोणी लिहीत नाही.' दुसऱ्या दिवशी कळलं की ती कविता त्या कवीची नाहीच. कोणीतरी लिहिलेली, कोणीतरी खाली नाव चिकटवलेलं. मी ती पुन्हा वाचायला घेतली, आणि खरं सांगतो, या वेळी ती मला जरा बाळबोध वाटली.

आता गंमत बघा. मधल्या वेळात कवितेतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग मला आधी आवडलं होतं ते नेमकं काय? कविता, की खालचं नाव?

याच प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये मोठी धमाल झाली होती. दोन तरुण कवींनी मुद्दाम एक वाईट कविता लिहिली, खोट्या नावाने छापली, आणि शांतपणे वाट बघत बसले. आज तीच गोष्ट. आणि त्या गोष्टीला एक शेपूटही आहे. ते सहसा कोणी सांगत नाही, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी हे 'ऐंशीवाले' कोण ते बघू

साल १८८० च्या आसपासचं. गाव मुख्यतः अ‍ॅम्स्टरडॅम. त्या काळात डच कवितेत चलती होती ती पाद्री-कवींची. प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारी प्रवचन करणारे धर्मगुरूच कविताही करायचे, आणि घराघरांत त्या वाचल्या जायच्या. देव, देश, सद्गुण, संसार, मुलाबाळांचं कौतुक, असे विषय. भाषा गोड, यमक चोख, शेवटी बोध. निकोलास बेट्स हे त्यातलं सगळ्यांत आदराचं नाव. १८८४ मध्ये ते सत्तर वर्षांचे झाले होते. दुसरे तेन काटे. त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीवर एक दीर्घकाव्य लिहिलं होतं आणि ते खूप गाजलेलं होतं.

या कविता सगळ्या टाकाऊ होत्या असं मी म्हणत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांना त्यात गुदमरायला व्हायचं. त्यांनी शेली आणि कीट्स वाचले होते, फ्रेंच कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : कवीने उपदेश करू नये. स्वतःला जे वाटलं ते, आणि जसं वाटलं तसंच, दुसऱ्या कोणाची वापरून गुळगुळीत झालेली उपमा उसनी न घेता लिहावं.

या पोरांना पुढे डच भाषेत 'ताख्तिखर्स' म्हणायला लागले. 'ताख्तिख' म्हणजे ऐंशी. १८८० च्या दशकातले म्हणून 'ऐंशीवाले'. आपण आज त्यांना ऐंशीवालेच म्हणू, तेवढीच जिभेची कसरत वाचेल.

त्यांच्या डोक्यावर एक सावली होती. याक पेर्क नावाचा तरुण कवी. तो स्वतः पाद्र्याचा मुलगा. एका मुलीवरच्या प्रेमातून त्याने सुनीतांची एक अख्खी माळ लिहिली. सुनीत म्हणजे सॉनेट, चौदा ओळींची कविता. १८८१ मध्ये तो गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं, आणि त्याला प्रस्तावना लिहिली त्याचा मित्र विलेम क्लोस याने. ती प्रस्तावना म्हणजेच ऐंशीवाल्यांचा जाहीरनामा, असं आजही मानतात. म्हणजे या चळवळीची सुरुवात मित्राच्या शोकातून झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जी टिंगल येणार आहे तिच्या खाली हे दुःख आहे.

पहिला वार : गवताची पाती

१८८५ मध्ये एक छोटंसं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'गवताची इवली पाती'. पुढे उपशीर्षक होतं, त्याचा आशय असा की ही सद्गुण, देवभक्ती आणि मायभूमी या क्षेत्रातली गीतं आहेत. कवीचं नाव कॉर्नेलिस पाराडाइस. पाराडाइस म्हणजे स्वर्ग. कॉर्नेलिस स्वर्ग! इथेच थोडी शंका यायला हवी.

हे महाशय अस्तित्वातच नव्हते. खरा लेखक होता फ्रेडरिक फान एडेन, वय पंचवीस, वैद्यकीचा विद्यार्थी. त्याने पाद्री-कवींची शैली जशीच्या तशी उचलली आणि फक्त आवाज थोडा वाढवला. तोच भाबडेपणा, तीच देशभक्ती, तोच गोडवा, पण चमचाभर साखरेच्या जागी अख्खी वाटी. बेट्स आणि तेन काटे यांच्यासारख्या मोठ्या नावांची आरतीही त्यात होती, इतकी तेलकट की ज्यांची आरती ओवाळली त्यांनाच ओशाळायला व्हावं.

याला आपण विडंबन म्हणतो. व्यंगचित्रकार काय करतो? एखाद्याचं नाक मुळात लांब असेल तर ते हातभर काढतो. चेहरा तोच राहतो, म्हणून ओळख पटते. नाक वाढतं, म्हणून हसू येतं. फान एडेनने तेच केलं, फक्त पेन्सिलीऐवजी यमकं वापरली. आणि व्यंगचित्राची एक ताकद अशी की ते एकदा पाहिलं की खऱ्या माणसाकडे बघतानाही आधी नाकच दिसतं. 'गवताची पाती' वाचल्यावर पाद्री-कविता गंभीर चेहऱ्याने वाचणं अवघड होऊन बसलं.

दुसरा वार : ज्युलिया

आता मुख्य गोष्ट. त्याच १८८५ मध्ये आणखी एक पुस्तक निघालं. 'ज्युलिया : सिसिलीतली एक कथा'. कवी, ग्वीडो. एवढंच नाव.

त्या वेळी वाचकांना एक नमुना फार आवडत होता. चारच वर्षांपूर्वी, १८८१ मध्ये, 'दक्षिणेतलं एक प्रेम' अशा अर्थाच्या नावाचं एक कथाकाव्य गाजलं होतं. त्याच्या डच कवीनेही इटालियन टोपणनाव घेतलं होतं, 'फिओरे देल्ला नेवे'. बर्फातलं फूल म्हणा हवं तर. उत्तरेतल्या थंड, ढगाळ, पावसाळी देशात बसून दक्षिणेतल्या उन्हातल्या प्रेमाच्या गोष्टी वाचायला लोकांना मजा यायची. समजू शकतो.

'ज्युलिया' त्याच साच्यातली होती. वेगळेपणा एकच : ती दोघांनी मिळून मुद्दाम वाईट लिहिली होती. एक क्लोस, वय सव्वीस. दुसरा आल्बर्ट फेरवै, वय फक्त वीस. छंद नीट, यमकं नीट, भावना ओथंबलेल्या, पण प्रतिमा पोकळ. ऐकायला छान वाटणाऱ्या, आणि जरा थांबून 'म्हणजे नक्की काय?' असं विचारलं की हातात काहीच न येणाऱ्या.

इथे 'गवताची पाती' आणि 'ज्युलिया' यांच्यातला फरक समजून घ्या. पहिल्या पुस्तकात चतुर वाचक विनोदात सामील असतो. नाव बघूनच त्याला कळतं की इथे थट्टा चाललीय. 'ज्युलिया'मध्ये कोणालाच सांगितलेलं नाही. वाचक सामील नसतो, वाचकच सावज असतो. म्हणून मी तिला विडंबनापेक्षा सापळा म्हणतो.

आणि सापळ्यात सावज अडकलं. काही समीक्षकांनी 'ज्युलिया'ची जाहीर स्तुती केली.

क्लोस आणि फेरवै यांनी ती परीक्षणं गोळा केली. १८८६ मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'हॉलंडच्या साहित्यसमीक्षेची अपात्रता'. नावातच निकाल! आत त्यांनी सांगून टाकलं : ग्वीडो म्हणजे आम्ही. ही कविता आम्ही जाणूनबुजून वाईट लिहिली. आणि तुम्ही, जे आमच्या खऱ्या कवितांना नाकं मुरडता, तिला चांगली म्हणालात. मग तुमच्या मताला किंमत काय?

जरा विचार करा, तुम्ही त्या समीक्षकांपैकी एक आहात. तुमचं नाव, तुमचं वाक्य छापलंय, आणि गावभर हशा चाललाय. आजचा स्क्रीनशॉट म्हणतात तो हाच, फक्त दीडशे वर्षं जुना.

पण यातून सिद्ध काय झालं?

इथे थोडं थांबू. कारण आपण साहजिकच तरुणांच्या बाजूने टाळ्या वाजवतो. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाजवल्या. पण समीक्षकांच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगता येतात.

एक. क्लोस आणि फेरवै हे दोघे कसलेले कवी होते. चांगला गवई मुद्दाम बेसूर गायला लागला तरी त्याचा श्वास आणि लय कुठे जाणार? वाईट लिहितानाही त्यांच्या हातून चांगल्या ओळी निसटल्या नसतील कशावरून? लेखक म्हणतो 'हे वाईट आहे' म्हणून ते वाईट ठरतं का? ते ठरवायचा हक्क शेवटी वाचकाचाच ना?

दोन. सापळा इतकंच सांगतो की समोरचा चुकला. सापळा लावणारा बरोबर आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याला स्वतः काहीतरी चांगलं करून दाखवावं लागतं.

याची दुसरी बाजू दिसते ऑस्ट्रेलियात. १९४३ मध्ये तिथल्या दोन कवींनी, मॅकॉली आणि स्टुअर्ट यांनी, अगदी असाच खेळ केला, पण उलट दिशेने. त्यांना नवकविता आवडत नव्हती. त्यांनी एर्न मॅली नावाचा एक मेलेला कवी तयार केला, त्याच्या नावावर निरर्थक वाटतील अशा नवकविता रचल्या आणि एका नव्या वळणाच्या मासिकाला पाठवल्या. मासिकाच्या तरुण संपादकाने १९४४ मध्ये त्या कौतुकाने छापल्या. बिंग फुटलं, संपादकाची छी-थू झाली, वर अश्लीलतेचा खटला होऊन दंडही झाला. पण पुढे झालं काय? त्या कविता आजही वाचल्या जातात, आणि त्या खरोखरच चांगल्या आहेत असं म्हणणारे लोक आहेत. म्हणजे अशी फसवणूक नेहमी जुन्यांच्या विरोधातच असते असंही नाही, आणि फसवणाऱ्याचं मत शेवटचं असतं असंही नाही.

शेपूट : काल हसणारे, आज हसू होणारे

आता ती शेपटाची गोष्ट. ऐंशीवाल्यांनी १ ऑक्टोबर १८८५ रोजी स्वतःचं मासिक सुरू केलं. नाव 'द न्यूवे खिड्स'. 'खिड्स' म्हणजे वाटाड्या, म्हणून हे 'नवा वाटाड्या'. संपादक पाच : क्लोस, फेरवै, फान एडेन, फ्रांक फान डेर हूस आणि विलेम पाप. यातला विलेम पाप लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.

'नवा' का? कारण जुना वाटाड्या होता. 'द खिड्स' हे त्या वेळचं सगळ्यांत वजनदार मासिक. ते तरुणांची दखल घेत नाही म्हणून तरुणांनी त्याचंच नाव घेऊन पुढे 'नवा' लावलं. नावातच चिमटा.

पण हा जुना वाटाड्या जन्माला कसा आला होता माहितीय? १८३७ मध्ये, तरुणांनीच काढलेला, प्रस्थापितांना झोडपायला. त्याची परीक्षणं इतकी जहाल असायची की निळ्या मुखपृष्ठामुळे त्याला टोपणनाव पडलं 'निळा जल्लाद'. पन्नासेक वर्षांत जल्लादाचा दरबारी झाला.

आणि ते तेन काटे, ज्यांची फान एडेनने टिंगल केली? ते विशीत असताना, १८४२ ते १८४४ या काळात, एका मित्राबरोबर 'ब्रागा' नावाचं नियतकालिक चालवत होते. पूर्णपणे पद्यात लिहिलेलं, आणि काम एकच : त्या वेळच्या कवींची यथेच्छ खिल्ली उडवणं! म्हणजे १८८५ चा म्हातारा पाद्री-कवी हा चाळीस वर्षांपूर्वीचा टवाळ पोरगा होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः फोन बाजूला ठेवला.

मग ऐंशीवाल्यांचं काय झालं? तेच. काही वर्षं मासिक जोरात चाललं. पण प्रत्येकाने फक्त स्वतःच्या मनाचं ऐकायचं, हे तत्त्व घेऊन पाच माणसं एकत्र किती दिवस बसणार? शिवाय नवा वाद आला : कलावंताने फक्त कलेकडे बघावं, की समाजाकडेही? फान डेर हूस समाजवादाकडे वळला. फान एडेनला समाज सुधारायचा होता. १८९३-९४ मध्ये सगळं फुटलं. क्लोसने जुन्या मित्रांवर चक्क शिव्याशापांची सुनीतं लिहून मासिकात छापली. ज्या काव्यप्रकारात पेर्कने प्रेम लिहिलं होतं, त्याच चौदा ओळींत आता मित्रांचा उद्धार. फेरवै बाहेर पडला आणि १८९४ मध्ये त्याने दुसऱ्या एका सोबत्याबरोबर नवं नियतकालिक काढलं. 'नवा वाटाड्या' क्लोसकडे राहिला.

आणि १८९८ मध्ये आली एक कादंबरी, 'विन्सेंट हामान'. त्यात बढाईखोर, आत्ममग्न, मोठ्या शब्दांच्या प्रेमात पडलेले लेखक दाखवले होते. पात्रांची नावं वेगळी, पण चेहरे ओळखीचे. मुख्य पात्रात वाचकांना दिसला ऐंशीवाल्यांचा सगळ्यांत आक्रमक गद्यलेखक, लोडेवाइक फान डेसेल. क्लोसचाही समाचार घेतलेला होता. लिहिणारा कोण? आपला विलेम पाप! पाच संस्थापकांपैकी एक.

तेरा वर्षं. 'ज्युलिया' ते 'विन्सेंट हामान', फक्त तेरा वर्षांत इतरांचं नाक लांब काढणाऱ्यांचं स्वतःचं नाक लांब निघालं.

मग उरलं काय?

मला वाटतं, यातून 'सगळे सारखेच' असा निष्कर्ष काढणं आळशीपणाचं होईल. ऐंशीवाल्यांमुळे डच कविता खरंच बदलली. पण ती 'ज्युलिया'मुळे बदलली नाही. 'ज्युलिया' आज अभ्यासकांशिवाय फारसं कोणी उघडत नाही. ती बदलली क्लोसच्या उत्तम सुनीतांमुळे, पेर्कमुळे, आणि हेर्मान हॉर्टरच्या 'मे' या १८८९ च्या काव्यामुळे. चार हजारांहून अधिक ओळींचं ते काव्य आजही डच भाषेतल्या मोठ्या कवितांमध्ये गणलं जातं. टिंगलीने रस्त्यातला दगड हलवला, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण पुढे चालायचं काम कवितेनेच केलं.

आणि फान एडेन? तो कॉर्नेलिस स्वर्ग बनून थट्टा करणारा मुलगा पुढे डॉक्टर झाला, मानसोपचाराकडे वळला. १८९८ मध्ये त्याने एकत्र राहून शेती करण्यासाठी एक वसाहतही वसवली. आणि १९१३ मध्ये त्याने एका भारतीय कवीचं पुस्तक डच भाषेत आणलं. रवींद्रनाथांची 'गीतांजली'. ज्याने देवभक्तीच्या गोड गाण्यांची इतकी टर उडवली, तोच माणूस देवाला उद्देशून लिहिलेल्या कवितांच्या प्रेमात पडला. यात विसंगती आहे का? मला नाही वाटत. त्याला राग भक्तीचा नव्हता, उसन्या भक्तीचा होता.

आता परत माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. 'ज्युलिया'ची गोष्ट वाचल्यावर मी ती फॉरवर्ड कविता तिसऱ्यांदा वाचली. या वेळी खालचं नाव अंगठ्याने झाकून. आणि मला कळलं की पहिली तीन कडवी खरंच सपक आहेत. पण चौथ्या कडव्यात, आईच्या रिकाम्या डब्याबद्दलच्या ओळी आहेत, त्या चांगल्या आहेत. कोणी का लिहिलेल्या असेनात. पहिल्या दिवशी मी नावाला भुललो होतो, दुसऱ्या दिवशी नाव गेलं म्हणून नाराज झालो होतो. कविता मी तिसऱ्या दिवशी वाचली.

त्या समीक्षकांची चूक एवढीच झाली असावी, असं मला वाटतं. साचा ओळखीचा दिसला आणि त्यांनी हात जोडून टाकले. मूर्ख होते म्हणून नव्हे, घाईत होते म्हणून. ती घाई आपल्याला चांगलीच माहीत आहे.

तेव्हा या आठवड्यात एक करून बघा. कोणतीही कविता, गाणं, रील समोर आलं की आधी नाव झाका, लाइकचा आकडा झाका, आणि स्वतःला विचारा, यातली नेमकी कुठली ओळ मला आवडली? ओळ दाखवता आली तर आवड तुमची. नाही आली तर पुन्हा वाचा.

आणि कोणावर हसाल तेव्हा जरूर हसा, फक्त म्हाताऱ्या तेन काट्यांना आठवा. तेही हसले होते.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मावशीला माझा नमस्कार सांगा... म्हणजे, तुमच्या मावशीला!